कॉलरीतली लाल खूण

मला वस्तूंवर खुणा करायची खोड आहे. शाळेतली ताटं, पेले, सतरंज्या, घंटा, बादल्यांची बुडं, सगळ्यांवर मी लाल रंगाने शाळेचं नाव आणि नंबर घालत असे. घरी चमच्यांच्या मागेसुद्धा माझं टिंब आहे. नवरा चिडवतो, एक दिवस तू माझ्या पाठीवरही नंबर टाकशील. चिडवू दे. जिल्हा परिषदेच्या शाळेत वस्तूंना पाय फुटतात, आणि तपासणीच्या दिवशी त्या पायांनी परत येत नाहीत. शाळेच्या टिकाऊ सामानाची वही तपासायला आलेल्या एकाही साहेबाला माझ्याकडे बोट दाखवायला जागा मिळाली नव्हती, आणि त्याचा मला फार तोरा होता.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा कोणता जिल्हा हवा असं आम्हा शिक्षकांना विचारलं होतं. माझं माहेर कोंढ्याकडचं, म्हणून मी भंडाराच धरून ठेवला. पुढे दहा-बारा वर्षांनी वरठीपासून सायकलच्या अंतरावरच्या एका गावात मुख्याध्यापक म्हणून गेले. मुख्याध्यापक म्हणजे काय, चार वर्ग आणि दोन शिक्षक, त्यांतली वयाने मोठी मी. गावात खोली बघायला गेले तेव्हा घरमालकिणीने माझं आडनाव दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा सांगितल्यावर तिला आठवलं की खोली कालच कोणाला तरी देऊन झाली आहे. मी वरठीत खोली घेतली आणि स्कूटीने जाऊ-येऊ लागले. मी बौद्ध आहे हे त्यामुळे गावातल्या मोठ्या माणसांना पहिल्याच दिवशी कळलं. पोरांना मात्र मी फक्त मॅडम होते.

इथे माझ्या लहानपणाची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी प्राथमिक शाळेत असताना वर्षातून एकदा गुरुजी शिष्यवृत्तीचा कागद घेऊन वर्गात यायचे आणि म्हणायचे, मागासवर्गीय उभे राहा. आम्ही पाच जण उभे राहायचो. गुरुजी वाईट नव्हते, त्यांना नुसती नावं लिहायची असायची. पण बाकीचा वर्ग माना वळवून आम्हाला मोजायचा, आणि त्या दोन मिनिटांत मला माझे गुडघे कुठे ठेवावेत ते कळायचं नाही. आदल्या दिवशी माझ्याशी चिंचोके खेळलेली मैत्रीण खाली बसून माझ्याकडे बघत असायची. डी.एड.ला गेले तेव्हा मी मनाशी शपथ घेतली होती की माझ्या वर्गात कोणाही मुलाला असं उभं करणार नाही. ती मी पाळली. फॉर्म भरायचे असले की मी घरोघरी जाऊन भरून आणायचे, वर्गात कोणाची जात ओठावर येऊ द्यायची नाही. पाळली असंच मला वाटत होतं.

शाळेच्या नेहमीच्या खर्चाखेरीज मुलांसाठी म्हणून सरकारकडून जादा अनुदान यायचं. कधी अभ्यासात मागे पडलेल्यांच्या जादा वर्गासाठी, कधी पुस्तकपेटीसाठी, आणि दरवर्षी गणवेशासाठी. गणवेशाचा नियम असा होता की मुली सगळ्या घ्यायच्या, पण मुलांमध्ये फक्त अनुसूचित जाती-जमातीचे आणि दारिद्र्यरेषेचं कार्ड असलेले. बाकीच्या मुलांनी गणवेश घरून आणायचा. एकाच बाकावरच्या दोन पोरांपैकी एकाला द्यायचा आणि दुसऱ्याला नाही, हे मला कधी पटलं नाही. पण नियम माझ्या हातचा नव्हता. माझ्या हातात जे होतं ते मी केलं. शाळेने ज्या दुकानातून कापड घेतलं तिथूनच घ्या, असं मी बाकीच्या पालकांना बाजाराच्या दिवशी स्वतः सांगितलं. सगळ्यांचा सारखा पांढरा शर्ट, सारखी खाकी पँट. कोणाचा सरकारी आणि कोणाचा घरचा ते कोणालाही ओळखता येऊ नये, एवढी मी खबरदारी घेतली.

आणि मग मी खूण केली.

झालं असं, की आदल्या वर्षी कोणीतरी तक्रार केली होती की काही शाळांत गणवेश वाटलेच नाहीत, नुसत्या सह्या घेतल्या. आमच्या भागातल्या शाळा बघणारे केंद्रप्रमुख म्हणाले, मॅडम, वाटल्याचा काहीतरी पुरावा ठेवा. मला विचार करायला एक मिनिटही लागलं नाही. गावातल्या बचत गटाच्या बायका गणवेश शिवत होत्या. मी त्यांना लाल दोऱ्याची रिळं नेऊन दिली आणि सांगितलं, प्रत्येक शर्टाच्या आणि फ्रॉकच्या कॉलरीत, आतून, मानेच्या बाजूला, एक बारीक फुली घाला. बाहेरून दिसणार नाही. साहेब आले की कॉलर उलटली की झालं. दिवाळीच्या तोंडावर प्रत्येकी दोन गणवेश वाटले. केंद्रप्रमुखांनी चार कॉलरी उलटून पाहिल्या आणि इतर शाळांनाही असंच करायला सांगतो म्हणाले. मी त्या दिवशी घरी जाताना स्कूटीवर गुणगुणत गेले असेन.

आमच्या तिसरीत एक मुलगा होता, बौद्ध मोहल्ल्यातला. बाप वरठीला कारखान्यात कंत्राटावर, आई धानाच्या रोवणीला नाहीतर कापणीला. पहिली-दुसरीत हा पोरगा शाळेत यायचाच नाही. आला तर मधल्या सुट्टीत गायब व्हायचा आणि तलावाच्या पाळीवर, बांधावर सापडायचा. मी रागावले, लाड केले, चित्रांची पुस्तकं दिली, काही उपयोग झाला नाही. तो शाळेत टिकला तो पळीमुळे. दुपारच्या जेवणाला वाढायच्या मी पाळ्या लावल्या होत्या. तिसरीत गेल्यावर त्याची पाळी आली आणि त्याच्या हातात वरणाची पळी दिली. त्या दिवसापासून तो एक दिवस चुकला नाही. बाकीची पोरं वरवरचं पाणी वाढून मोकळी व्हायची. हा पातेल्याच्या तळापर्यंत ढवळायचा आणि प्रत्येकाच्या ताटात डाळ गेली पाहिजे म्हणून पळीत बघून वाढायचा. दुसऱ्याची पाळी असली की त्याच्याकडून मागून घ्यायचा. हळूहळू ती रोजची त्याचीच झाली, आणि वाढायला मिळतं म्हणून तो वाचायलाही लागला. दिवाळीपर्यंत जोडाक्षरांवर आला होता. पळी सुटली तर शाळा सुटेल हे मला माहीत होतं. म्हणून पाळ्यांचा तक्ता मोडल्याबद्दल मी कोणाचंच ऐकून घेत नव्हते.

दिवाळीनंतर शाळा उघडली. आठवडाभराने माझ्या लक्षात आलं की तो वाढायला आला की काही मुलं ताटावर पंजा ठेवून नको म्हणतात. कोरडा भात खातात. मला वाटलं, दिवाळीचं गोडधोड खाऊन यांच्या जिभा बिघडल्या. मग वाटलं, वरणच बिघडलं असेल. स्वयंपाक करणाऱ्या ताईला मी दोनदा बोलले, मीठ बघत जा, फोडणी नीट देत जा. तिने एकदा ऐकून घेतलं. दुसऱ्यांदा पदराला हात पुसत म्हणाली, वरण चांगलं आहे, तुम्ही पोरांनाच विचारा. मी विचारलं नाही. मला कागदपत्रांची कामं होती.

याच दिवसांत पोरांनी एक नवा खेळ काढला होता. हात धुवायच्या नळापाशी एकमेकांच्या मागे जायचं, पटकन कॉलर उलटायची आणि पळायचं. मी खिडकीतून बघून हसले होते. हसले होते हे मी मुद्दाम लिहिते आहे. दुसऱ्या सरांना बोलावून दाखवलंसुद्धा, म्हटलं, बघा, केंद्रप्रमुखांची नक्कल करताहेत.

मग एक दिवस शाळा भरायच्या आधी एक बाई आली. तिचा मुलगा चौथीत होता. धानाची थोडी शेती, कार्ड दारिद्र्यरेषेचं, म्हणून त्याला शाळेतून गणवेश मिळाला होता. तलावातले शिंगाडे उकडून पिशवीत घालून आणले होते तिने. पिशवी टेबलावर ठेवून ती उभीच राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही. शेवटी म्हणाली, "मॅडम, आमच्या पोराच्या कालरीतली तेवढी निशाणी काढून द्या ना. बाकीच्यायची राहू द्या."

मी म्हटलं, का, टोचते का.

"टोचत नाही. पोट्टे त्याले चिडवून राहिले. त्याच्या ताटाजवळ बसत नाहीत." मग तिने मोहल्ल्याच्या दिशेने मान केली आणि आवाज खाली आणला. "आमी कार्डावर गरीब आहो, मॅडम. पण आमी ते नाही ना."

बोलून झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं, आणि आपण हे कोणाला सांगतो आहोत ते तिच्या लक्षात आलं. तिने शिंगाड्यांची पिशवी माझ्याकडे थोडी सरकवली. मी ती घेतली. घ्यायला नको होती. ती गेल्यावर मी खुर्चीत बसले. नळापाशी काय चाललं होतं आणि ताटावर पंजे का पडत होते, ते दोन्ही एका क्षणात जुळलं. पोरांना जात ओळखता येत नव्हती, घरच्यांनी सांगितलेलं त्यांच्या डोक्यात नुसतं भिरभिरत होतं, कोणाला लावायचं ते माहीत नव्हतं. ते मी दाखवून दिलं होतं, लाल दोऱ्याने. सगळ्याच मुलींच्या कॉलरीत फुली, त्यामुळे त्यांच्यात काही घडलं नाही. मुलांच्यात मात्र फुली असलेले आणि नसलेले असे दोन भाग सरळ पडले होते.

मी ताईला विचारलं, तुला ठाऊक होतं? ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मले वाटलं तुमाले माहीत आहे. तुमीच तर घालाले लावली."

त्याच दिवशी मी ब्लेड घेऊन बसले. वर्गावर सरांना पाठवलं आणि एकेक मूल बोलावून उभ्याउभ्या कॉलरीतला दोरा उसवत गेले. आणि तिथे मला माझ्या चोख कामाचा दुसरा नमुना दिसला. दोरा कच्च्या रंगाचा होता. दोन-तीन धुण्यांत त्याची लाली कापडात उतरली होती. दोरा निघाला, पांढऱ्या कापडावर गुलाबी डाग राहिला. पोरं आता डाग बघायला लागली. डाग तर फुलीपेक्षा मोठा होता. केंद्रप्रमुखांना फोन करून मी म्हटलं, कोणालाही खुणा घालायला सांगू नका. ते म्हणाले, मॅडम, दोन शाळांत शिवून झाल्या, चांगली कल्पना आहे. का नको ते मला फोनवर सांगता आलं नाही. मी नुसतं नको म्हणत राहिले आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला मी बोलले. माणसं सगळी सारखी वगैरे. पोरांनी हाताची घडी घालून ऐकलं. नंतर रोजच्यासारखी प्रतिज्ञा झाली, अगदी तालात. दुपारी मी काठी घेऊन व्हरांड्यात उभी राहिले. मारायला नव्हे, पण काठी होती. वरण घेतल्याशिवाय कोणी उठायचं नाही असं बजावलं. तिसरीतला मुलगा पातेलं घेऊन रांगेतून गेला, तळापर्यंत ढवळत. एकानेही ताटावर हात ठेवला नाही. मला बरं वाटलं. आपण जरबेने का होईना, एक गोष्ट मार्गी लावली असं वाटलं.

शाळा सुटल्यावर मी मागच्या भिंतीकडे गेले. तिथे वरण-भात पडला होता. एका ठिकाणी नाही, पाच-सहा ठिकाणी, प्रत्येकाने आपापली जागा शोधून ओतलेला, आणि गावातल्या कोंबड्या तो टिपत होत्या. भिंतीच्या टोकाशी तो पोरगा उभा होता. हातात रिकामं पातेलं, घासायला नेत होता. तो त्या ढिगांकडे बघत होता. माझ्याकडे त्याने बघितलं नाही. मी त्याला हाक मारली, पण काय म्हणायचं ते ठरलं नव्हतं, म्हणून परत मारली नाही. त्या वेळी मी घाबरले होते. आठ-नऊ वर्षांच्या पोरांना मी घाबरले होते, आणि स्वतःलाही.

दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. दोन दिवसांनी मी मोहल्ल्यात गेले. घराला कडी होती, आई कापणीला गेली होती. शेजारणीने सांगितलं की पोरगा आईबरोबर बांधावर जातो.

पुढच्या सोमवारी सकाळी त्याचा बाप आला. कारखान्यातली पाळी संपवून थेट आला होता, मोटारसायकलच्या हँडलला पिवळं हेल्मेट लटकत होतं. पोरगा मागच्या सीटवर होता, तो उतरून दारातच थांबला. बापाने टेबलावर कागदात गुंडाळलेले दोन गणवेश ठेवले. धुतलेले, इस्त्री केलेले. एकातला दोरा मी उसवला होता. दुसरा त्या दिवशी घरी होता, त्याच्या कॉलरीत फुली तशीच होती.

"हे तुमचं मोजून घ्या," तो म्हणाला. "निशाणी काढली नाही. तुमच्या तपासणीले कमी पडाले नको." आणि वरठीच्या शाळेत घालतो म्हणून त्याने दाखला मागितला.

मी त्याला थांबवायचा प्रयत्न केला. चूक माझी आहे, मी ती निस्तरते आहे, थोडा वेळ द्या, पोरगा आता कुठे वाचायला लागला आहे, असं बरंच काही बोलले. तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. तो शांतपणे ऐकत होता. मी बोलायची थांबल्यावर म्हणाला, "पोरगा पुसून राहिला, बाबा, आपण कोण आहो. मी ठरवलं होतं, आठवी-नववीत गेला का जवळ बसवून सांगीन. चांगलं सांगीन, मान वर करून ऐकावं असं. तुमी तिसरीतच सांगून देलं."

माझ्या तोंडून निघून गेलं, अहो, मीही तुमच्यातलीच आहे.

"माहीत आहे ना," तो म्हणाला. "म्हणून तर निवांत होतो."

मी उठून कपाट उघडलं. दाखल्याचं पुस्तक काढलं आणि लिहायला बसले. नाव, आईचं नाव, जन्मस्थळ. मग जातीचा रकाना. आयुष्यात मी तो शेकडो दाखल्यांवर भरला असेल. त्या दिवशी पेन तिथे अडलं, मग भरला. शेवटी शाळा सोडण्याचं कारण. तिथे मी माझ्या स्वच्छ, गोल अक्षरात लिहिलं: पालकांची इच्छा. त्याच्या खाली सही केली आणि शिक्का मारला. माझ्या नोकरीत मी लिहिलेलं ते सर्वांत मोठं खोटं आहे, आणि त्या वहीत ते आजही असेल.

बाप गाडी चालू करायला गेला. पोरगा दारातच होता. त्याने घरचा निळा शर्ट घातला होता. त्याला जवळ घ्यावं असं मला फार वाटलं, पण आता कोणत्या तोंडाने घेणार. तोच म्हणाला, "मॅडम, आज वरण कोण वाढन?"

मी म्हटलं, मी वाढीन.

"खालपर्यंत ढवळा," तो म्हणाला, "नाहीतर मागच्यायले पाणीच येते." मग बापाने हाक मारली आणि तो गेला.

दुपारी मी पदर खोचला आणि ताईच्या हातातून पळी घेतली. व्हरांड्यात पोरं रांगेने बसली होती. मी तळापर्यंत ढवळून वाढत गेले, एकेकाच्या ताटात बघून. ज्यांनी पंजे ठेवले होते त्यांनीही ताटं पुढे केली. चौथीतला एक तर ताट दोन्ही हातांनी उचलून म्हणाला, मॅडम, अजून. शेवटच्या पोरापर्यंत एकाही ताटावर हात आला नाही. सगळ्यांनी खाल्लं, मागच्या भिंतीकडे कोणी गेलं नाही. माझ्या साडीला कुठे खूण नव्हती.